भट्टीवाल्याचा खड्डा

आमच्या रस्त्याचा चिखल फार प्रामाणिक होता. एका पावसाळ्यात घेतलेला बूट तो पुढच्या उन्हाळ्यात परत करायचा, आणि तोही वाळवून. माझा डावा बूट मात्र त्याच्याकडे तीन वर्षं होता. परत आला तेव्हा आतल्या आत वाढून एक नंबर मोठा झाला होता. ज्याला खोटं वाटत असेल त्याने दुकानावर यावं, बूट अजून खिळ्याला टांगलेला आहे.

दुकान पंक्चरचं. सायकल, हातगाडी, ट्रॅक्टर, जे जे चाकावर चालतं ते माझ्याकडे लंगडत येतं, म्हणून सगळे मला पंक्चरकाका म्हणतात. रस्ता भातगिरणीकडून निघतो, माझ्या दुकानासमोरून जातो आणि भट्टीवाल्याच्या अंगणाला वळसा घालून गावात शिरतो. त्या वळणावरचे दोनशे मीटर असे होते की तिथे गाडी रुतली नाही तर ड्रायव्हरला काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. माझं पोट त्या दोनशे मीटरांवर चालायचं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे सांगेन त्यात माझा फायदा नाही, झालं तर नुकसानच आहे, हे ध्यानात येईल.

भट्टीवाला माझ्याच वयाचा. विटा पाडून आणि भाजून त्याचे हात असे झालेत की गरम वीट तळहातावर ठेवली तर चटका विटेला बसेल. घरात तो, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्याची थोरली बहीण. तिला अख्खं गाव आत्या म्हणतं, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. आणि एकच मुलगी.

त्या वर्षी पावसाने वळण अगदीच खाल्लं. भट्टीवाला तीन हजार विटा ट्रॉलीत रचून निघायचा, ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये कण्हत वळण पार करायचा, आणि पलीकडे पोचेपर्यंत पाव माल फुटलेला असायचा. बांधकामावर गवंडी दोन दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटायचा. टणकन वाजली ती इकडे, भद वाजली ती तिकडे. भट्टीवाला तोपर्यंत बाहेर उभा. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, तो वाळून तडकलेला, आणि आत नवी फरशी बसवलेली, म्हणून त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. ‘तिकडे’ पडलेल्या विटा तो मुकाट्याने परत भरायचा आणि घरामागच्या ढिगावर नेऊन टाकायचा.

त्या ढिगाबद्दल सांगायला हवं. बावीस वर्षांत भट्टीत जे जे बिघडलं ते तिथे होतं. अर्ध्या कच्च्या पिवळ्या विटा, करपून काळ्या झालेल्या, वितळून एकमेकींना मिठी मारलेल्या, रस्त्यात फुटलेल्या. ढीग घराच्या छपराइतका उंच झाला होता. वहिनींनी त्याच्यावर वेल चढवला होता, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. पण वेलालाही लाज वाटली असावी, तो अर्ध्यावर जाऊन थांबला. माणूस सगळ्या जन्माच्या चुका एका जागी रचून ठेवतो आणि रोज सकाळी दात घासताना त्यांच्याकडे बघतो, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मुलगी या ढिगावरच खेळून मोठी झाली. खिशात कायम विटेचे तुकडे, म्हणून नाव पडलं ठिकरी. ती इंजिनिअरिंगला गेली, पास झाली, आणि नोकरी करायची सोडून कॉलेजातच संशोधन करायला राहिली. लोक भट्टीवाल्याला विचारायचे, पोरगी कशावर संशोधन करते? त्याने एकदा फोनवर तिला विचारलं. ती म्हणाली, टाकाऊ मालाच्या रस्त्यांवर. त्यानंतर तो लोकांना सांगायचा की ती रस्त्यांवर करते.

आणि पुढच्या उन्हाळ्यात ती घरी आली ते थेट ढिगावर चढली. वरून खाली बापाला विचारू लागली, यात कच्ची किती, करपलेली किती, फुटकी किती? भट्टीवाल्याचं तोंड उतरलं. चारचौघांत कुणी वय विचारावं तसं झालं त्याला. तिने खाली येऊन समजावलं. कॉलेजने तिला दोनशे मीटर रस्ता करून बघायची परवानगी मिळवून दिली होती. डोंगर फोडून खडी आणायची नाही, लांबून मुरूम आणायचा नाही. इथलीच चिकण माती, त्यात ढिगातल्या विटांचा चुरा, भातगिरणीत तूस जाळून उरलेली राख आणि थोडा चुना. एवढ्यावर रस्ता उभा करायचा. जागा तिनेच मागून घेतली होती. वळणाची.

पंधरा दिवस तिने वहिनींचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चहासाखरेच्या डब्यांत राख, पाटावर माती, आणि नळाच्या पाइपाचे तुकडे कापून त्यात मिश्रण ठोकून केलेल्या गोल वड्या फळीवर ओळीने वाळत ठेवलेल्या. कुठल्या वडीत किती राख ते त्यांच्यावर खडूने लिहिलेलं. मी एकदा चहाला गेलो, बोलता बोलता हात लांबवला आणि बिस्किट समजून एक चावली. इथे वरच्या बाजूला दात नाही तो तेव्हाचा. कॉलेजात म्हणे या वड्यांची ताकद मोजायचं मोठं यंत्र आहे. पण पहिलं माप माझ्या दाताने घेतलं, हे त्यांच्या पुस्तकात आलं पाहिजे असं मी ठिकरीला सांगून ठेवलं आहे.

मग ढीग फोडायला घेतला. भट्टीवाला, वहिनी, आत्या, मी, आणि भट्टीवरची सहा माणसं. दिवसभर घण आणि हातोडे. लाल धूळ इतकी बसायची की संध्याकाळी कोण कुणाची बायको ते आवाजावरून ओळखावं लागायचं. चुन्याने बोटांची सालं निघाली. ठिकरी ओढणीने तोंड बांधून पाणी मोजून घालायची. मूठभर मिश्रण दाबायची, गोळा झाला पाहिजे. टिचकी मारायची, गोळ्याचे दोनच तुकडे झाले पाहिजेत. भट्टीवाल्याला ते कोरडं वाटायचं. तो आयुष्यभर लोण्यासारखा चिखल तुडवत आला होता. दोघांची रोज जुंपायची आणि रोज तीच जिंकायची, कारण तिच्याकडे वही होती आणि त्याच्याकडे फक्त बावीस वर्षं.

एका दुपारी मात्र ती जेवायला घरात गेली असताना त्याने एक गोष्ट केली. मला दिसली, पण मी पंक्चर काढत होतो, आणि पंक्चर काढताना मी दुसऱ्याच्या कामात बोलत नाही. त्याने राखेची पोती बाजूला सारली. भट्टीतल्या ताज्या, अव्वल, टणकन वाजणाऱ्या विटा आणल्या, स्वतःच्या हाताने त्यांचा चुरा केला आणि तो राखेच्या जागी घालून पुढचा तुकडा रोलरखाली सरकवला. ठिकरी परत आली तेव्हा तो शांतपणे विडी ओढत बसला होता.

वळण तयार झालं. सात दिवस त्याच्यावर पोती अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. मग वरून डांबराचा पातळ हात दिला आणि पोरीचे सर आले. सडपातळ, हसरे गृहस्थ. त्यांनी रस्त्यावर आडवी एक काळी रबरी नळी ठोकली आणि तिचं टोक खांबावरच्या लोखंडी पेटीत घातलं. चाकांची एक जोडी नळीवरून गेली की पेटीत एक आकडा पडायचा. पावसाळा संपता संपता रस्ते खात्यातली दोन माणसं येऊन बघणार होती. वळण टिकलं तर पुढचा सहा किलोमीटर रस्ता असाच होणार. नाही तर फाइल बंद, आणि ठिकरीची चार वर्षंही त्या फाइलमध्येच. एवढं सांगून सरांनी चहा घेतला आणि ठिकरीला घेऊन ते शहरात गेले.

नळी कशासाठी, हे काही त्यांनी सांगितलं नाही. ज्याला माहीत असतं त्याला ते सांगायचं सुचत नाही.

ते काम आत्याने केलं. आत्याच्या आयुष्यात ज्याने ज्याने मोजलं त्याने कापलंच होतं. शाळेत मास्तरांनी चुका मोजल्या, भट्टीवर मुकादमाने फुटक्या विटा मोजल्या, सासरी भांडी मोजली. तेव्हा पेटी बघून तिला जे कळायचं ते कळलं. जितके आकडे पडतील तितके पोरीचे मार्क कापले जाणार. तिने हे दुपारपर्यंत गावात घरोघर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यात भरही पडली: शंभराच्या वर आकडा गेला तर पोरीला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागेल.

आता आमचं गाव कसं आहे बघा. एकमेकांच्या बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण पोर आपली म्हटल्यावर सगळे एक. दुसऱ्या दिवसापासून वळणावर चाक फिरकलं नाही. ट्रॅक्टर आले की ड्रायव्हर खाली उतरायचे, रस्त्याकडे बघायचे आणि गाडी वळवायचे. पण वळवायची कुठे? तर भट्टीवाल्याने आपलं अंगण दिलं. जिथे तो कच्च्या विटा उन्हात वाळायला मांडायचा, त्या सपाट, झाडून घेतलेल्या जागेतून त्याने गाड्यांना वाट काढून दिली. पाऊस लागला, अंगणाचा चिखल झाला, चाकं रुतली, वाळायला ठेवलेल्या विटा लोण्यासारख्या चाकांखाली गेल्या. हंगामाच्या अखेरीस भट्टी लावायला त्याच्याकडे माल नव्हता. विचारलं तर म्हणायचा, एक वर्ष हात दुखायचे थांबतील.

रस्ता मात्र आरशासारखा. आत्या रोज सकाळी केरसुणीने झाडायची. पाऊस पडून गेला की भट्टीवाला चपला हातात घेऊन त्याच्यावरून एक फेरी मारायचा, कडेकडेने, आणि वाकून कुठे भेग दिसते का बघायचा. त्याच्या पायाखाली त्याचाच ढीग होता. त्या ढिगाकडे लोक थांबून बघत होते, आणि या वेळी तोंड फिरवत नव्हते. हे तो कधी बोलला नाही. पण चपला उगाच कुणी हातात घेत नाही.

ठिकरीचा आठवड्याला फोन यायचा. रस्ता कसा आहे, बाबा? अगदी नवा, तो सांगायचा, डागसुद्धा नाही. एवढा पाऊस होऊन? एवढा पाऊस होऊन. पलीकडे ती इतकी खूश व्हायची की फोन माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायचा.

एकाच माणसाने तेवढी कटकट केली. लांब्या लॉरीवाला. मान अशी लांब की त्याला लॉरीतून पुढचं गाव दिसतं. तो गिरणीची पोती वाहतो. भर पावसात भट्टीवाल्याने त्याला वळणावर तीनदा अडवलं. तिसऱ्या वेळी अंगणात लॉरी बसली ती उठेना, आणि लांब्याला चाळीस पोती स्वतःच्या पाठीवर पलीकडे न्यावी लागली. पाठीची सालटं निघाली. जाताना तो म्हणाला की या रस्त्यावर यापुढे त्याची लॉरीच काय, सावलीसुद्धा पडणार नाही.

खात्याची माणसं यायला बारा दिवस होते तेव्हा ठिकरी आली. पाऊस अजून होताच. ती रिक्षातून माझ्या दुकानाशीच उतरली आणि वळणाकडे चालत गेली. मी मागोमाग. रस्त्याकडे बघून पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. मग ती थांबली. कडेला गवत गुडघाभर वाढलेलं. मध्यावर हिरवट शेवाळ. वहिनींची कोंबडी निवांत अंग फुगवून नळीशेजारी बसलेली.

तिने पेटी उघडली. आत आकडा होता अकरा.

सत्तर दिवसांत अकरा. तिने पेटीवर चापट मारली, नळी फुंकून बघितली. पेटी ठीक होती. अकरांचा हिशोबही लागला. दोन आकडे सरांच्या मोटारीचे, जातानाचे. चार एका परक्या लॉरीचे, वाट चुकून आली होती. दोन पुढे येताना आणि दोन मागे जाताना, कारण आत्या केरसुणी घेऊन समोर उभी राहिली होती. उरले पाच. ते कुणाचे, हे तेव्हा कुणी कबूल केलं नाही. पाच हा विषम आकडा आहे आणि माझ्या सायकलीला दोन चाकं आहेत, तेव्हा माझ्यावर संशय घ्यायचं काही कारण नव्हतं.

एवढ्यात भट्टीवाला अंगणातून आला, हात पुसत. त्याला वाटलं पोरगी आनंदाने गप्प झाली आहे. त्याने तिला कौतुकाने अंगण दाखवलं, कमरेइतके खोल चर, विरघळलेल्या विटांचे थर. म्हणाला, गाड्या सगळ्या इकडून काढल्या. तुझ्या रस्त्याला चाक लागू दिलं नाही.

ठिकरी मटकन रस्त्यावर बसली. मला वाटलं रडते. मग वाटलं हसते. खरं सांगायचं तर दोन्ही करत होती, आणि कोंबडी उठून तिच्या बाजूला जाऊन बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी रस्ता जपायला नव्हता केला. तुडवायला केला होता.”

मग तिने सगळं सांगितलं. आकडे पडायलाच हवे होते. ओल्या रस्त्यावरून, भरलेल्या गाड्यांचे, निदान पाच हजार. किती तुडवल्यावर किती झिजतो, हेच तर बघायचं होतं. न वापरलेला रस्ता टिकला म्हणून सांगितलं तर खात्याची माणसं हसतील आणि फाइल तिथेच बंद करतील. भट्टीवाला ऐकत होता. मध्येच त्याने खाली बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की तो चपला हातात धरून उभा आहे. त्याने त्या हळूच खाली टाकल्या, पण पायात घातल्या नाहीत.

आत्या दारातून सगळं ऐकत होती. ती आत गेली, पदर खोचून बाहेर आली आणि गावाकडे निघाली. ज्या क्रमाने आधी घरं घेतली होती त्याच क्रमाने तिने पुन्हा घेतली. लोकांनी विचारलं, काल आकडा कमी पाहिजे म्हणत होतीस, आज जास्त कसा? आत्या म्हणाली, परीक्षा उलटी झाली आहे, शहरात होतात अशा. चूक झाली असं ती काही कुठे म्हणाली नाही. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, हे वहिनींनी मला सांगितलं.

पण आमच्याकडे ट्रॅक्टर असून असून सात. ओझं खरं लॉरीचं. आणि लॉरी एकट्या लांब्याकडे. भट्टीवाला गिरणीवर गेला, मी सोबतीला. लांब्या चाकाला टेकून बसला होता. त्याने बसा म्हटलं नाही. भट्टीवाला पावसात उभा, डोक्यावर रिकामं पोतं. त्याने आधी पावसाचं विचारलं, मग लॉरीच्या तब्येतीचं, मग लांब्याच्या पाठीचं. लांब्याने सदरा वर करून पाठ दाखवली. खपल्या अजून होत्या. 

“माझ्या रस्त्यावरून गाडी घाल,” भट्टीवाला शेवटी म्हणाला.

“कानात पाणी गेलंय. पुन्हा सांग.”

“माझ्या पोरीच्या रस्त्यावरून गाडी घाल. भरून घाल. रोज घाल.”

लांब्या म्हणाला, पोती कोण भरणार? भट्टीवाल्याने डोक्यावरचं पोतं काढून घडी केली, खांद्यावर टाकली आणि थप्पीकडे गेला. साठ पोती त्याने एकट्याने चढवली. मी एक धरायला गेलो तर लांब्यानेच मला मागे ओढलं. एकसष्टावं मात्र लांब्याने स्वतः उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, लॉरी, ट्रॅक्टर, बैलगाड्या, हातगाड्यासुद्धा, आणि कुणी पुढे जाईना. नव्या कोऱ्या चादरीवर पहिला पाय कोण ठेवणार? सगळे भट्टीवाल्याकडे बघत होते. तो म्हणाला, माझ्याच्याने नाही होणार. ठिकरीने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसकण मारली. मग तो चढला. मागे ट्रॉलीत तीन हजार विटा, गेल्या हंगामातल्या शेवटच्या.

पहिला गिअर. चाक नळीवरून गेलं, पेटीत बारावा आकडा पडला. त्याने डोळे मिटून घेतले होते असं लोक म्हणतात. ट्रॅक्टर चालवताना डोळे मिटणं बरं नाही, पण रस्ता सपाट होता. विटा वाजल्या नाहीत. दुसरा. तिसरा. मग त्याने चौथ्यासाठी हात घातला आणि दांडा हलेना. बावीस वर्षांत या वळणावर चौथा गिअर कधी लागलाच नव्हता, तो आत गंजून झोपला होता. रांग थांबली, मी तेलाची कुपी घेऊन धावलो, दोन थेंब टाकले, एक लाथ घातली. चौथा पडला, आणि भट्टीवाला घरावरून असा गेला की वहिनी हात हलवायच्या आत तो दिसेनासा झाला होता. परत आला तेव्हा ट्रॉलीतली एकही वीट फुटली नव्हती. त्याने दोन दोन घेऊन आपटून बघितल्या, त्या गवंड्यासारख्या. टण. टण.

त्यापुढचे दिवस काय सांगू. गाड्या गिरणीच्या कोपऱ्यावर वळायच्या, गावात वळायच्या, पुन्हा वळणावर यायच्या. पाऊस धरून होता. शेजारच्या गावांनीही ट्रॅक्टर पाठवले. लांब्या तर इतक्या फेऱ्या मारायचा की त्याच्या लॉरीचं पुढचं टोक मागच्या टोकाला भेटायचं. आत्या पेटीपाशी स्टूल टाकून बसली आणि संध्याकाळी आकडा ओरडून सांगू लागली. नवव्या दिवशी तो साडेतीन हजारांवर होता, आणि त्याच दिवशी दुसऱ्या खांबाच्या पुढे रस्ता खचला.

दोन चाकांच्या दोन रेघा, दोन बोटं खोल, आणि एका जागी छोटा खड्डा. ठिकरी गुडघ्यांवर बसून पट्टी लावू लागली. तिचं तोंड पांढरं पडलं. बाकी सगळीकडे नखाइतकीसुद्धा झीज नाही आणि इथेच का? वहीत काही सापडेना. भट्टीवाला तिच्यामागे उभा होता. मी पंक्चर काढत होतो. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

तो म्हणाला, खांबापासून पंधरा पावलं सोड. तिथून सुरू होतं ते बावीस पावलं. तिने वर बघितलं. मग त्याने त्या दुपारचं सांगितलं, राखेची पोती, अव्वल विटा, सगळं. शब्द त्याच्या तोंडातून रुतलेल्या ट्रॉलीसारखे येत होते. “राख घालवेना,” तो म्हणाला. “लोक राख उकिरड्यावर टाकतात. तुझ्या रस्त्याखाली ती कशी घालू? म्हटलं, निदान एवढ्या तुकड्याखाली तरी आपली चांगली वीट असावी.”

ठिकरीने टेप धरली. पंधरा पावलांनंतर सुरू, तिथून बावीस पावलांनंतर बंद. खचण्याच्या दोन्ही कडा टेपवर अशा बसल्या की जणू कुणी आखून दिल्या आहेत. 

“बाबा, तुमची चांगली वीट आहे तिथे खचलाय,” ती हळूच म्हणाली. “बाकी सगळा तुमच्या ढिगावर उभा आहे.”

 भट्टीवाला तिच्याशेजारी बसला आणि खड्ड्याच्या तळाशी साचलेला चिखल नखाने खरवडून काढू लागला. मागे लांब्याची लॉरी हॉर्न न वाजवता उभी होती, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा.

खात्याची माणसं आली तेव्हा पेटीत पाच हजार चारशे सहा आकडे होते. दोघांपैकी थोरले छत्री घेऊन हिंडणारे, कमी बोलणारे. त्यांनी टोकदार दांडा ठोकून जागोजाग बघितलं, तो आत जाताना किती ठोके घेतो. खचलेल्या तुकड्यापाशी आले आणि विचारलं, हा तुकडा मुद्दाम वेगळा ठेवला होता का? सोबत आलेले सर घुटमळले. हो म्हटलं असतं तर सगळंच शोभून दिसलं असतं. ठिकरी म्हणाली, नाही, माझ्या बाबांनी मला न सांगता केला. छत्रीवाल्यांनी भट्टीवाल्याला कारण विचारलं, त्याने सांगितलं. ते बराच वेळ लिहीत होते. राखेची लाज कुठल्या रकान्यात बसवली, देव जाणे.

फाइल बंद झाली नाही. सहा किलोमीटर मंजूर झाले. छत्रीवाल्यांनी एकच अट घातली: हा खड्डा दोन वर्षं बुजवायचा नाही. राख नसली तर काय होतं ते त्यांना पुढेही बघायचं होतं, दर महिन्याला माप हवं होतं. माप घ्यायला ठिकरीने बापाच्या हातात लोखंडी पट्टी दिली.

दर महिन्याला म्हणून सांगितलं होतं. भट्टीवाला रोज घेतो.

घरामागचा ढीग आता संपला आहे. वहिनींच्या वेलाला काठ्या लावून द्याव्या लागल्या, आणि गंमत म्हणजे तो आता वरपर्यंत गेला. पुढच्या रस्त्याला वाया गेलेली वीट कमी पडते, म्हणून भट्टीवाला आसपासच्या भट्ट्यांवर हिंडून विचारत असतो, काही बिघडलंय का. स्वतःची भट्टी उघडताना एकही वीट करपलेली निघाली नाही तर त्याला वाईट वाटतं. माझ्या दुकानाचं म्हणाल तर बसून असतो. त्याबद्दल कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

परवा मी सायकलवरून वळणावर आलो. भट्टीवाला खड्ड्याशी पट्टी घेऊन बसलेला. समोरून येणारे सगळे सवयीने खड्डा चुकवत होते आणि तो त्यांच्यावर खेकसत होता, बाजूने काय जातोस, मधून घाल. सबंध जगात माणसांना खड्ड्यात बोलावणारा हा एकटाच असावा. मला बघून म्हणाला, ते पाच आकडे तुझेच होते ना?

आता लपवण्यात अर्थ नव्हता. दोनदा गेलो होतो, त्याचे चार. तिसऱ्यांदा पुढचं चाक नळीवर चढलं आणि आत्याने मागून कॅरिअर धरून खेचलं, तो पाचवा. नवा रस्ता समोर असताना सायकलवाल्याने किती दिवस कळ काढायची?

त्याने नुसतं खड्ड्याकडे बोट दाखवलं. मी मधून घातली. पुढचं चाक धडकन आदळलं, रिम वाकली, मी कडेच्या गवतात. भट्टीवाला धावत आला, आणि माझ्याकडे न बघता गुडघ्यांवर बसून पट्टी लावू लागला. त्याचा चेहरा पडला.

“काहीच फरक नाही,” तो म्हणाला. “पुन्हा ये. या वेळी मागे कुणाला तरी बसवून.”

मी गवतातून उठून सायकल सरळ केली. आत्या तोवर कॅरिअरवर बसलेली होती.